व्ह्यू आणि वळचण

हल्ली डोंगरातल्या घराचं काम येतं ते लोकेशनच्या पिनसोबत. पाठोपाठ ड्रोनने काढलेला व्हिडिओ, त्याला बासरीचं पार्श्वसंगीत, आणि खाली एक ओळ: ‘मॅडम, प्लॉट लेव्हल करून ठेवलाय, आता डिझाइनला लागू या.’ मुळशी, वेल्हे, भोर, वाई, जावळी या पट्ट्यात मी घरं करत आले त्याला एक जन्म झाला, तरी या ओळीने अजून पोटात गोळा येतो. डोंगरातल्या घराचं निम्मं डिझाइन तो उतारच करून ठेवतो. नेमका तोच जेसीबीने उचलून दरीत लोटलेला असतो.

पूर्वी असं होत नसे. त्याचं श्रेय मात्र लोकांच्या शहाणपणाला देण्याची घाई नको. यंत्रच नव्हतं. मुरूम टिकावाने खणायचा, खाली काळा दगड लागला की पहार, तीही चालेना तर सुरुंग. हाताने डोंगर कापायची मजुरी एवढी होई की हिशेबी माणूस आपसूक कमीत कमी कापी. मग घर उताराला आडवं, लांबट पसरे. ओटी एका पातळीवर, माजघर दोन पायऱ्या वर, गोठा खालच्या अंगाला. आज ही मांडणी ‘स्प्लिट लेव्हल’ या नावाने सांगितली की क्लायंटला फार आवडते. फक्त तोवर प्लॉट सपाट झालेला असतो आणि त्याच्या कडेला दोन मजले उंचीची कापलेली लाल माती उघडी उभी असते. ती धरून ठेवायला भिंत बांधा म्हटलं की विचारतात, ‘घराआधी भिंतीवरच एवढा खर्च?’

मी कॉलेजातून बाहेर पडले ती पुण्यात डेक्कनवर आमच्या सरांच्या ऑफिसात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लाकडी बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंगवर रोट्रिंगचं पेन, चुकलं की ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचं, आणि दुपारनंतर साऱ्या खोलीत अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत पाणी आणणारा वास. सरांचं दैवत लॉरी बेकर. हिमालयात पिथोरागढला राहून तिथल्या लोकांच्या दगडामातीच्या घरांकडून धडे घेतलेला हा इंग्रज सरांना देशी वाटे.

डोंगरात घर मागायला येणारे लोकही ठरावीक असत. निवृत्तीला आलेले प्राध्यापक, सदाशिव पेठेतले डॉक्टर, पार्ल्याचे एखादे बँक अधिकारी, क्वचित एखादा गुजराती व्यापारी. पैसे मोजके. सरांचा त्यांना पहिला प्रश्न ठरलेला: ‘पाऊस कुठून येतो?’ बहुतेक जण हसून ‘वरून’ म्हणत. सर हसत नसत. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस वरून पडत नाही, नैर्ऋत्येकडून येतो. वाऱ्याचा जोर असेल तर चक्क आडवा. पुण्याचा पाऊस वर्षाला 28 इंच, महाबळेश्वरचा 200 इंचांहून जास्त, आणि तिथून पाचगणीला उतरलं की तो तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो. एका तालुक्याची चूल दुसऱ्या तालुक्यात पेटत नाही असा तो प्रदेश. म्हणून सरांची अट असे: जागा घेतलीत ना, आता एक पावसाळा तिथे जाऊन या. शेजारच्या गावात चार रात्री राहा. पाणी कुठून वाहतं, वारा कुठली खिडकी मागतो, कुठली मागत नाही, ते बघा. मग दिवाळीनंतर कागद काढू.

काही जण चिडून दुसऱ्या आर्किटेक्टकडे गेले. जे गेले नाहीत ते पावसाळ्यानंतर वेगळंच बोलत. लोणावळ्याच्या मागच्या डोंगरात जागा घेतलेले एक प्राध्यापक पहिल्या भेटीत मोठ्या गॅलरीचं चित्र काढून आले होते. ऑक्टोबरात आले तेव्हा त्यांच्या वहीत गॅलरी नव्हती. ओले कपडे कुठे वाळत घालायचे, हा प्रश्न पहिल्या नंबरला होता. त्याखाली चपला, सरपण, आणि पुस्तकांना येणारी बुरशी.

त्या चार रात्री ज्या घरात काढायच्या ते गावातलं घर म्हणजे पाठ्यपुस्तकच. पावसाकडची भिंत जवळजवळ बंद. जोतं हातभर उंच. वळचण इतकी खाली उतरलेली की दारात शिरताना मान वाकवावीच लागे, आणि तिच्यामुळेच पागोळ्या भिंतीपासून लांब पडत. जिथे पैसा नव्हता तिथे दर सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण. पावसाच्या अंगाला बाहेरून गवताचे तट्टे. घराच्या वरच्या बाजूला एक चर काढलेला, डोंगरावरून येणारं पाणी घराला वळसा घालून जावं म्हणून. आत धूर. शहरातून आलेल्याला त्या धुराचा त्रास होई, पण तोच वासे सुके ठेवी आणि कीड लांब. दरीचा देखावा बघायची सोय मात्र त्या घरात कुठेही नसे. दिवसभर त्याच दरीत गुरं चारून आलेल्या माणसाला संध्याकाळी ती पुन्हा बघायची नव्हती.

डोंगरात राहण्याची दुसरीही एक रीत होती: पाऊस यायच्या आत पळ काढायची. 1828 च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने महाबळेश्वरला हवेची जागा वसवली. पुढे सरकारचा उन्हाळा तिथे, पावसाळा पुण्यात आणि हिवाळा मुंबईत, असा क्रम पडला. जांभ्या दगडाचे ते बंगले उन्हाळ्यासाठी बांधलेले. जून तोंडावर आला की भिंतींना गवत बांधायचं, सामान हलवायचं, बाजार मिटायचा. आपण त्या बंगल्यांचे व्हरांडे बघून हरखतो आणि तसेच मागतो, पण पावसात ते गवतात गुंडाळून रिकामे असत, हे कुणी सांगत नाही.

आज लोक डोंगरात जातात ते पावसासाठीच. पूर्वी जो मोसम टाळायचा तोच आता खरा मोसम. शुक्रवारी रात्री गाड्या निघतात, ताम्हिणीच्या धबधब्यांपुढे मैलभर रांग लागते. त्यामुळे घराची मागणीही तशीच: जुलैत पश्चिमेकडे तोंड करून बसायचं, हातात चहा, समोर कोकणात उतरणारे ढग. मध्ये काच. सगळी काच. सह्याद्रीतली अडचण अशी की देखावा ज्या बाजूला, पाऊस-वारा त्याच बाजूने. गावकऱ्याने जिकडे पाठ केली तिकडे आपल्याला छाती करायची आहे. करता येतं, नाही असं नाही. खोल पडवी घ्या, काच आत ढकला, वाऱ्याचा दाब मोजून जाड काच आणि चांगली चौकट घ्या, तिच्या उंबऱ्याखालून पाणी बाहेर जायला वाट ठेवा. पण पडवी खोल केली की ‘व्ह्यू कटतोय’ म्हणतात.

आणि मग फोनवर फॉलिंगवॉटरचा फोटो येतो. येतोच. त्या फोटोवर माझा राग नाही, घर अप्रतिमच आहे. पण त्याची पुढची गोष्ट मी मुद्दाम सांगते. पिट्सबर्गच्या दुकानदार कॉफमनला धबधबा दिसेल असं घर हवं होतं. फ्रँक लॉइड राइटने 1935 मध्ये ते धबधब्याच्याच डोक्यावर काढून दिलं. सज्जे पुढे इतके काढले की ते वाकले, आणि 2002 मध्ये पोलादी तारांनी ताणून सावरावे लागले. गळतीचा त्रास तर पहिल्यापासून. आणि पेनसिल्व्हेनियात वर्षाकाठी जेवढा पाऊस पडतो तेवढा आपल्या घाटमाथ्यावर जुलैतल्या एखाद्या आठवड्यात पडून जातो.

कागदावरचं घर जमिनीवर उतरण्याचा दिवस पूर्वी लाइनआउटचा. मेस्त्री, दोन बिगारी, दोरी, खुंट्या, गुण्या, आणि घमेल्यात फक्की. पांढऱ्या रेघांनी खोल्या आखायच्या. सबंध कुटुंब त्या दिवशी येई, आजी असेल तर खुर्चीसकट. आणि दर वेळी तेच घडे: उघड्या माळावर आखलेली खोली इवलीशी दिसते. बारा बाय चौदाची बैठक बघून घरधन्याचा चेहरा उतरे. ‘एवढीच?’ सर शांतपणे सांगत, ‘आकाशाशी मापताय म्हणून. भिंती वर आल्या की वाढेल.’ तोवर गप्प असलेल्या वहिनी त्या रेघांत शिरत, स्वयंपाकघराच्या चौकोनात उभं राहून हात लांबवून बघत आणि म्हणत, ‘ओट्यापाशी उभं राहिलं की मला मागची भिंत दिसणार. डोंगर काय फक्त पाहुण्यांना?’ त्या एका वाक्यावर रात्री ऑफिसात नकाशा फिरे. खरं सांगायचं तर त्याआधीच्या बैठकांना त्या वहिनींना कुणी काही विचारलेलंच नसे, सरांनीही नाही. आज नवराबायको दोघंही पहिल्या कॉलपासून बोलतात, तीच जास्त नेमकं बोलते, आणि अंधाऱ्या मागच्या स्वयंपाकघराची सद्दी संपली, यात मला जुन्या काळाची एक तसूभर आठवण येत नाही.

आता फक्कीच्या आधी डोळ्यांवर चष्मा चढतो. थ्रीडीत घरातून फिरता येतं, दिवसाची वेळ बदलता येते, सोफ्याचा रंगही. गंमत म्हणजे माळावरची खोली जशी असते त्याहून लहान भासते, तशी रेंडरमधली असते त्याहून मोठी. त्यात सदैव संध्याकाळचं सोनेरी ऊन. आमच्या ऑफिसातल्या मुलाला मी एकदा सांगितलं, त्या चित्रात सलग सतरा दिवसांचं धुकं घाल, दोरीवर न वाळलेले टॉवेल घाल, भिंतीला ओल घाल. त्याने केलंही. क्लायंटला दाखवायची मात्र दोघांचीही हिंमत झाली नाही.

मेस्त्री हा तेव्हा तिसरा डिझायनर असे. साताऱ्याकडचा, वाचायला बेताचं, पण ओळंबा त्याच्या हातात गेला की बोलायचं नाही. सर साइटवर जात ते येष्टीने, पंधरवड्यातून एकदा. मधल्या काळात पोस्टकार्ड. ‘पाया झाला. उत्तर कोपऱ्यात पाणी लागले. आपण यावे.’ त्या पंधरा दिवसांत तो स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेई, आणि आम्ही गेलो की त्यातले अर्धे आम्ही नकाशात चढवत असू. पाणी लागलेल्या त्या उत्तर कोपऱ्याचा पुढे हौद झाला. आज साइटचे सहा व्हॉट्सॲप ग्रुप असतात. सळई बांधली की फोटो, वीट लागली की फोटो, आणि सिंगापुरातून क्लायंटचा प्रश्न की ही भिंत वाकडी का दिसते. भिंत सरळ असते, फोन वाकडा धरलेला असतो. सुपरवायझर कागदाबाहेर पाऊल टाकत नाही. त्याचं चूक नाही. पाऊल टाकलं तर दंड त्याला.

आणि तरीही मेस्त्रीच्या हातावर सगळं सोपवण्याचा तो काळ परत यावा असं मला वाटत नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. 180 च्या आसपास माणसं गेली, आणि पडली ती बरीचशी मातीत रचलेल्या दगडी भिंतींची घरं. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हा आपला समज. प्रत्यक्षात आतून आणि बाहेरून दगडाचे दोन थर, मध्ये चिपांची भर. दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगड नसेल तर धक्क्यासरशी भिंत पोटात फुगून फुटते. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 ला हेच प्रचंड प्रमाणावर दिसलं. त्या वर्षी आमच्याकडे येणारा प्रत्येक जण ‘सगळं आरसीसीत करा’ म्हणू लागला, आणि घाटातली दगडी घरं एकदम म्हातारी झाली. आज मी दगड वापरते तो आरपार दगड मोजून घेऊन, कोपऱ्यांत सळई आणि दाराखिडक्यांच्या वर सलग पट्टा घालून. हे सरांच्या काळात आमच्या नकाशात नसे. जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्या क्लायंटला मी हे सांगते तेव्हा तो जरा नाराज होतो; त्याला पणजोबांचा वाडा हवा असतो, भूकंपाचा पट्टा नको असतो.

छपराची कहाणी मात्र मला खरंच चटका लावते. बाझल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती लाल चपटी कौलं पश्चिम किनाऱ्यावरून घाटावर चढली. त्याआधी कुंभाराचे नळे. दोन्ही छपरांना दरवर्षी माणूस लागे. मे महिन्यात घर शाकारायचं: कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, रिपा तपासायच्या, पुन्हा चढवायची. हे काम करणारी माणसं प्रत्येक गावात असत. क्लायंटशी बोलताना सर विचारत, ‘तुमचं घर कोण चाळणार?’ उत्तर नसेल तर कौल देत नसत. हल्ली उतरता काँक्रीटचा स्लॅब ओततात आणि वरून कौलं चिकटवतात, दिसण्यापुरती. खालून पाहिलं तर सपाट पांढरं छत. पाणी कौलाखाली शिरतं, बाहेर यायला वाट नाही, दोन पावसाळ्यांत त्या पांढऱ्यावर नकाशे उमटतात. मग गळती थांबवणारा येतो, रसायन लावतो आणि दहा वर्षांची गॅरंटी देतो.

माकडांचं बोलायला हवं. माथेरान-महाबळेश्वरला छपराचा निर्णय शेवटी माकडं घेतात. टोळीने कौलांवरून धावत गेली की सकाळी तुकडे अंगणात. पत्रा घातला तर पहाटे त्याच्यावर नाच. कुठल्याही अभ्यासक्रमात हा विषय नाही आणि कुठल्याही रेंडरमध्ये माकड नाही. एका क्लायंटने मला फार गंभीरपणे विचारलं होतं, ‘पूलमध्ये उतरली तर?’

कागदपत्रांचं जंजाळ वाढलं, हे रडगाणं मीही गाते, पण अर्धंच. पूर्वी तलाठ्याकडचा सातबारा आणि ग्रामपंचायतीचा शिक्का, झालं. आता बिगरशेती परवाना, मोजणी, माथेरान-महाबळेश्वर-पाचगणीकडे पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राच्या अटी. महाबळेश्वर-पाचगणीला त्या 2001 पासून आहेत, माथेरानला 2003 पासून. राज्याच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत पाच फुटांमागे एक फूट किंवा त्याहून तीव्र चढावर बांधकाम तर नाहीच, कापाकापी आणि भरावालाही मनाई आहे. क्लायंट विचारतो, ‘यातून काही मार्ग?’ 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर खाली आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून मला त्या प्रश्नाला हसून उत्तर देता येत नाही. एका वेगळ्याच ठिकाणी, एका बंगल्याच्या मागच्या कापलेल्या उतारावरून रात्रीतून ट्रकभर चिखल थेट बेडरूमच्या भिंतीला टेकलेला मी पाहिला आहे. तिथे वरच्या अंगाचा जुना चर बुजवून लॉन केलं होतं.

पाण्याचं तर हसूच येतं. जिथे 200 इंच पडतो तिथे एप्रिलमध्ये टँकर. जुन्या बंगल्यांत मोठे हौद असत, गावात झरे राखलेले असत, कुणाचा पाणवठा कुठला हे ठरलेलं असे. आता पूल आधी आणि साठवणीची टाकी ‘बजेट उरलं तर’. पूल भरायला टँकर, आणि त्याच टँकरची वाट खालची वाडी बघत असते.

सध्या भोरच्या पुढे एक काम चालू आहे. दोघंही तिशीतली, हिंजवडीत नोकरी, घर महिन्यातले तीन आठवडे भाड्याने द्यायचंय आणि एक आठवडा स्वतः राहायचंय. भाड्याने देताना फोटोत काय दिसेल, हा त्यांचा हिशेब चुकीचाही नाही. कर्जाचा हप्ता त्यावरच आहे. मी सरांची अट घातली. पावसाळाभर थांबायला ती तयार झाली नाहीत, पण जुलैत तीन रात्री वरच्या वाडीतल्या मावशींकडे राहिली, पैसे देऊन. परत आल्यावर पश्चिमेची सलग काच दोन मोठ्या खिडक्यांवर आली, पडवी आठ फुटांची झाली, जेसीबीचा सौदा रद्द झाला आणि घर तीन पातळ्यांवर उतरलं. त्याच्या आईने ओटीची मागणी घातली, तीही मंजूर. चर कुठे काढायचा ते मावशींच्या धाकट्याने येऊन दाखवलं, आणि मी ते जसंच्या तसं नकाशात घेतलं. पूलचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. तो म्हणतो, पूल नसेल तर बुकिंग येणार नाही. ती म्हणते, पावसात कोण पोहतंय. परवा दोघांनी मिळून मलाच विचारलं, पूलला छप्पर घातलं तर किती खर्च येईल. अंदाज काढायचा आहे, माकडांसकट.